छातीच्या एक्स-रेवर मॉडेल बनवताय? आधी पेपर फुटलाय का ते बघा

परवा एकाने त्याच्या मॉडेलचा (म्हणजे फिल्म दाखवून शिकवलेल्या प्रोग्रॅमचा) स्क्रीनशॉट पाठवला, छातीचा एक्स-रे टाकला की न्यूमोनिया आहे की नाही ते सांगतं, ॲक्युरसी ९८ टक्के, म्हणजे १०० पैकी ९८ उत्तरं बरोबर, दोन दिवसात केलंय, आता पुढे काय करू असं विचारत होता. मी म्हटलं पुढे काही करू नकोस, मागे जा. राग आला असेल त्याला, पण मला तो आकडा बघूनच धडकी भरली, कारण माझं पहिलं मॉडेल पण असंच होतं. तेव्हा मी लॅपटॉप घेऊन एका रेडिऑलॉजिस्ट मित्राकडे गेलो होतो, त्याने आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाला न्यूमोनियावाल्या फिल्म दाखव. दहाबारा फिल्म सरकवल्या आणि म्हणाला, "अरे ह्या सगळ्या पोर्टेबल आहेत की." म्हणजे काय तर ज्या पेशंटला उठता येत नाही त्याच्या खाटेपाशी मशीन नेऊन काढलेल्या. अशा फिल्ममध्ये हृदय जरा मोठं दिसतं, खांद्याची चपटी हाडं फुफ्फुसांवर आलेली असतात, वायरी लोंबत असतात आणि कोपऱ्यात टेक्निशियनचा मार्कर असतो. नॉर्मलवाल्या फिल्म मात्र सगळ्या उभं राहून काढलेल्या. माझं मॉडेल न्यूमोनिया ओळखत नव्हतंच, माणूस झोपलाय की उभा आहे तेवढं ओळखत होतं.

तेव्हापासून मी मॉडेलला हुशार समजत नाही, कॉपी करायला टपलेला पोरगा समजतो. सोपी चिठ्ठी सापडली तर तो अभ्यास कशाला करेल. त्यामुळे खाली जे लिहितोय ते जास्त करून चिठ्ठ्या शोधण्याबद्दल आहे, कोड कसा लिहायचा ते तुम्हाला कुठेही मिळेल.

डेटा कुठला घ्यायचा

सुरुवातीला सगळ्यांना खुला असलेला मोठा डेटासेट (फिल्मचा साठा) घ्या. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा चेस्टएक्सरे-१४ आहे, २०१७ साली आला, ३०,८०५ पेशंटच्या १,१२,१२० फिल्म आणि १४ आजारांची लेबलं, म्हणजे कुठल्या फिल्ममध्ये काय आहे त्याच्या खुणा. स्टॅनफर्डचा चेक्सपर्ट २०१९ चा, ६५,२४० पेशंट आणि २,२४,३१६ फिल्म. मिमिक-सीएक्सआर त्याहून मोठा, ३,७७,११० फिल्म आणि सोबत रेडिऑलॉजिस्टचे मूळ रिपोर्ट पण आहेत, फक्त तो फिजिओनेट या वेबसाइटवरून घ्यायला आधी एक ट्रेनिंग पूर्ण करून करारावर सही करावी लागते, ते करा, शॉर्टकट मारू नका.

जे करायचं नाही ते म्हणजे आजारी एका ठिकाणचे आणि निरोगी दुसऱ्या ठिकाणचे घेऊन खिचडी करणं. कोविडच्या काळात हे सर्रास झालं. एक लहान मुलांचा न्यूमोनियाचा डेटासेट आहे, त्यात १ ते ५ वर्षांची पोरं आहेत, लोकांनी त्यातल्या नॉर्मल फिल्म उचलल्या, कोविडच्या मोठ्या माणसांच्या फिल्म इकडून तिकडून जमवल्या आणि मॉडेलला शिकवलं. मॉडेलने काय शिकलं असेल? बरगड्या लहान म्हणजे कोविड नाही! २०२१ साली एका आढावा अभ्यासात कोविडच्या एक्स-रे आणि सीटी मॉडेलवरचे २,२१२ शोधनिबंध चाळले, त्यातले ६२ बारकाईने तपासण्याइतके बरे निघाले, आणि दवाखान्यात वापरण्यालायक त्यातलं एकही मॉडेल नव्हतं. नुसते हौशी लोक नव्हते हो ते, शिकलेसवरलेले संशोधक होते.

पहिले दोन दिवस नुसतं बघा

मॉडेल फिडेल काही नाही. रँडम २०० पॉझिटिव्ह आणि २०० निगेटिव्ह फिल्म काढा, छोट्या करून एका पानावर जाळीसारख्या लावा, डावीकडे पॉझिटिव्ह उजवीकडे निगेटिव्ह, आणि चहा घेऊन बसा. तुम्ही डॉक्टर नाही म्हणून काय बिघडलं, तुम्हाला आजार शोधायचा नाहीये, फरक शोधायचाय. एका बाजूला काळी किनार जास्त आहे का, अक्षरं वेगळ्या फॉन्टमध्ये आहेत का, एका बाजूची माणसं तिरपी आहेत का, कुठल्या गठ्ठ्यात ईसीजीच्या वायरी आणि नळ्या जास्त दिसतात. जे तुमच्या डोळ्याला दोन मिनिटांत दिसतं ते मॉडेलला पहिल्या फेरीतच दिसणार.

नळ्यांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. न्यूमोथोरॅक्स म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत हवा शिरते आणि फुफ्फुस आक्रसतं, इमर्जन्सी असते ती. उपचार म्हणून छातीत नळी घालतात. आता डेटासेटमधल्या न्यूमोथोरॅक्सच्या पुष्कळ फिल्म नळी घातल्यानंतरच्या असतात, रिपोर्टमध्ये न्यूमोथोरॅक्स लिहिलेलं असतं म्हणून लेबल पण पॉझिटिव्ह. एनआयएचच्या डेटावर हे तपासलं गेलं तेव्हा मॉडेलचा एयूसी (आजारी आणि निरोगी वेगळे करण्याचा गुण, १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसता अंदाज) एकंदर ०.८७ होता, पण नळीवाल्या पेशंटमध्ये ०.९४ आणि बिननळीच्यांमध्ये ०.७७. म्हणजे ज्याचा उपचार झालाय त्याला झकास ओळखतं आणि ज्याला अजून कोणी हात लावला नाही, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथे घोडं अडतं. सरासरी आकड्याने हे झाकलं गेलं होतं. म्हणून शक्य असेल तर तुमच्या टेस्टच्या (मॉडेल तपासायला बाजूला ठेवलेल्या) पॉझिटिव्ह फिल्ममध्ये नळी आहे नाही अशी एक वेगळी खूण स्वतः बसून करा, कंटाळवाणं आहे पण एका रविवारचं काम.

फाइल उघडतानाच्या खोड्या

दवाखान्यातून येणारी फाइल डायकॉम (चित्रासोबत पेशंटची आणि मशीनची माहिती ठेवणारी) असते, जेपेग नाही. पायथनमध्ये पायडायकॉमने उघडते. एक्स-रेमध्ये सगळ्यात जास्त मार खातात ते मोनोक्रोम-१ आणि मोनोक्रोम-२ ला. दोन मध्ये आकडा मोठा म्हणजे पांढरं, एक मध्ये उलटं, आकडा मोठा म्हणजे काळं. हेडर (फाइलमधली ती माहिती) न वाचता सरळ पिक्सेल उचलले तर काही फिल्म फोटोच्या निगेटिव्हसारख्या उलट्या येतात, हाडं काळी आणि फुफ्फुसं पांढरी. आणि गंमत अशी की हे बहुतेक वेळा मशीनच्या कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणजे उलट्या फिल्म सगळ्या एकाच विभागातल्या निघू शकतात आणि आणखी एक चिठ्ठी तयार.

सीटी करत असाल तर तिथे पिक्सेलचा आकडा तसाच वापरायचा नसतो, हेडरमधल्या स्लोपने गुणून इंटरसेप्ट मिळवायचा मग हाउन्सफील्ड युनिट येतं, पाणी ० आणि हवा उणे १०००. मग विंडो लावायची, म्हणजे ठराविक पट्ट्यातलेच आकडे काळ्या-पांढऱ्यात दाखवायचे. मेंदूला साधारण मध्य ४० आणि रुंदी ८०, फुफ्फुसाला मध्य उणे ६०० आणि रुंदी १५००. मेंदूतला रक्तस्राव फुफ्फुसाच्या विंडोत शोधाल तर जन्मात दिसणार नाही. एक्स-रेला हाउन्सफील्ड वगैरे लागू नाही, तिथे हे करत बसू नका.

साइजचं एक बोलतो. बरेच जण २२४ बाय २२४ करतात कारण तयार मॉडेलं तशी शिकलेली असतात. छातीच्या फिल्मची लांब बाजू साधारण ४३ सेंटिमीटर धरली तर २२४ मध्ये एक पिक्सेल जवळजवळ २ मिलिमीटरचा होतो, मग ५ मिलिमीटरची गाठ म्हणजे दोन-तीन पिक्सेल. पाणी भरलंय, हृदय मोठं झालंय असलं काही ओळखायला चालेल, पण बारीक गाठी शोधायच्या असतील तर ५१२ च्या खाली जाऊ नका, आणि शक्य तर १०२४ वर करा, बॅच (एका वेळी मॉडेलला द्यायच्या फिल्म) छोटी झाली तरी चालेल.

हो आणि नाव गाव. डायकॉमच्या हेडरमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख सगळं असतं, ते पुसलं तरी काही वेळा फिल्मवरच अक्षरं छापलेली असतात, सोनोग्राफीत तर हमखास. कोणी ओळखीच्याने फाइल दिली म्हणून ती तशीच कुठल्याही वेबसाइटवर चढवू नका.

पेपर फुटतो तो इथे

आता मुख्य मुद्दा. १,१२,१२० फिल्म आणि ३०,८०५ माणसं, म्हणजे एका माणसाच्या सरासरी साडेतीनपेक्षा जास्त फिल्म. तुम्ही फिल्मची यादी घेतली, रँडम ८०-२० केली (८० टक्के शिकवायला, २० तपासायला), की एकाच माणसाची सोमवारची फिल्म ट्रेनिंगमध्ये आणि बुधवारची टेस्टमध्ये जाते. त्याच बरगड्या, तोच पेसमेकर, तोच आजार. मॉडेलने तो माणूस पाठ केला की झालं. परीक्षेच्या आदल्या रात्री पेपर हातात आल्यासारखं आहे हे, आणि नामांकित टीमकडून पण ही चूक झालेली आहे, त्यांनी नंतर दुरुस्त केली.

उपाय अगदी सोपा आहे, पेशंटच्या आयडीवर वाटणी करा. पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये ग्रुपशफलस्प्लिट आहे, ग्रुप म्हणून पेशंट आयडी द्या. मग एक ओळ लिहून तपासा की दोन्हीकडच्या आयडींचा छेद रिकामा येतोय ना. ही ओळ मी कोडमध्ये कायम ठेवतो आणि रिकामा नसेल तर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो, कारण महिन्याभराने आपणच काहीतरी बदलतो आणि विसरतो. टेस्टचा गठ्ठा एकदा बाजूला ठेवला की त्याला हात लावायचा नाही, सेटिंग बदलून बदलून टेस्टवर आकडा बघणं म्हणजे पण पेपर हळूहळू फोडणंच आहे. त्यासाठी तिसरा गठ्ठा ठेवा, व्हॅलिडेशनचा.

लेबलांवर पण आंधळा भरवसा नको. एनआयएचची लेबलं कोणी डॉक्टरने फिल्म बघून लावलेली नाहीत, रिपोर्टच्या मजकुरातून प्रोग्रॅमने काढलेली आहेत. चेक्सपर्टमध्ये तर हो, नाही, सांगता येत नाही आणि कोरं असे चार प्रकार आहेत, आणि कोरं म्हणजे नाही असं नसतं हो, कोरं म्हणजे रिपोर्टमध्ये उल्लेखच नाही. ट्रेनिंगला असली लेबलं चालून जातात, पण टेस्टला निदान थोड्या फिल्म तरी माणसांनी बघून ठरवलेल्या हव्यात. चेक्सपर्टवाल्यांनी व्हॅलिडेशनच्या २०० केसेस तीन रेडिऑलॉजिस्टकडून वाचून घेतल्यात त्या याचसाठी.

ट्रेनिंगबद्दल फार लिहीत नाही. डेन्सनेट-१२१ नावाचं तयार मॉडेल घ्या, इमेजनेट या साध्या फोटोंच्या साठ्यावर शिकलेलं, शेवटचा थर बदला, कमी लर्निंग रेटने (म्हणजे छोट्या पावलांनी) चालवा, व्हॅलिडेशन सुधारायचं थांबलं की थांबा. थोडं फिरवणं, थोडा कॉन्ट्रास्ट बदलणं चालतं. आरशासारखं डावं-उजवं उलटवणं मी टाळतो, खूप जण करतात आणि वाद घालतात, पण हृदय उजवीकडे असलेली माणसं क्वचित असतात आणि ते ओळखणं हा निदानाचा भाग आहे, शिवाय डावं-उजवं दाखवणारा मार्कर पण उलटा होतो, कशाला पाहिजे ती भानगड.

आकडा कसा वाचायचा

ॲक्युरसी विसरा. एनआयएचच्या डेटात हर्नियाच्या फक्त २२७ फिल्म आहेत. मी एक मॉडेल लिहितो जे फिल्म न बघताच म्हणतं हर्निया नाही, त्याची ॲक्युरसी ९९.८ टक्के! एयूसी बघा, सोबत सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (निरोग्यांपैकी किती बरोबर सोडले) बघा, आणि कुठल्या थ्रेशोल्डवर (ज्या आकड्याच्या वर मॉडेल हो म्हणतं) ते पण लिहा, तो थ्रेशोल्ड व्हॅलिडेशनवर ठरवलेला पाहिजे, टेस्टवर नाही.

पण एवढ्याने भागत नाही. समजा सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटी पण ९० टक्के, छान मॉडेल. एका ठिकाणी १००० फिल्ममध्ये ३४० जणांना न्यूमोनिया आहे, तिथे ३०६ बरोबर सापडतात आणि निरोगी ६६० पैकी ६६ जणांवर उगाच अलार्म, म्हणजे अलार्म वाजला तर ८२ टक्के वेळा खरा. तेच मॉडेल दुसरीकडे नेलं जिथे १००० त फक्त १० जण आजारी, तिथे ९ सापडतात आणि ९९ खोटे अलार्म, म्हणजे बारा वेळा वाजला तर एकदाच खरा. आठवड्याभरात डॉक्टर तो अलार्म बंद करून टाकणार, आणि त्यांचं काय चुकलं. हे ३४ आणि १ टक्का मी उगाच घेतलेले नाहीत, २०१८ च्या एका अभ्यासात तीन ठिकाणच्या फिल्म वापरल्या होत्या, एका हॉस्पिटलमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण ३४ टक्के होतं आणि दुसऱ्या दोन ठिकाणी १ च्या आसपास. तिथे अजून एक निघालं, मॉडेल नुसती फिल्म बघून ती कुठल्या हॉस्पिटलची आहे ते ९९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर सांगत होतं. एकदा हॉस्पिटल कळलं की न्यूमोनियाचा अंदाज बांधायला फुफ्फुसं बघायची गरजच काय.

चिठ्ठी पकडायच्या तीन युक्त्या

एक, फुफ्फुसं झाकून टाका. प्रत्येक फिल्मच्या मधोमध काळा चौकोन ठेवा, फक्त कडा उरू द्या, आणि नव्याने ट्रेन करा. एयूसी ०.५ च्या जवळ पडला पाहिजे, नाणं उडवल्यासारखा. माझ्या त्या पोर्टेबलवाल्या डेटावर मी हे नंतर करून बघितलं तर फुफ्फुसं झाकून पण ०.९ च्या वर येत होता. न्यूमोनिया खांद्यात होतो की काय!

दोन, फिल्म अजिबात न देता नुसतं वय, लिंग, उभं की झोपून, कुठलं मशीन एवढंच देऊन साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (अशा आकड्यांवरून हो-नाहीचा अंदाज बांधणारी सोपी पद्धत) चालवा. हे पाच मिनिटांत होतं आणि याचा आकडा तुमच्या मोठ्या मॉडेलच्या जवळपास आला तर तुमचं जीपीयूचं (मॉडेल शिकवायला लागणाऱ्या महागड्या चिपचं) बिल फुकट गेलं असं समजा.

तीन, ग्रॅड-कॅम लावून मॉडेल कुठे बघतंय त्याचा रंगीत डाग काढा. लाल डाग कोपऱ्यातल्या मार्करवर पडला तर चोर सापडला. पण उलटं खरं मानू नका, डाग फुफ्फुसावर पडला म्हणजे मॉडेल शहाणं असं नाही, नळी पण फुफ्फुसावरच असते ना. २०१८ साली एका टीमने असे नकाशे काढायच्या पद्धतींची परीक्षा घेतली, मॉडेलची शिकलेली वजनं (आतले आकडे) विस्कटून टाकली आणि परत नकाशे काढले, तर काही पद्धतींचे नकाशे जवळजवळ तसेच आले. ग्रॅड-कॅम त्यातून तरला, पण म्हणून प्रेझेंटेशनमध्ये चार सुंदर नकाशे निवडून लावू नका, रँडम ३० काढा आणि सगळे दाखवा.

बाहेरचा पेपर

सगळं झाल्यावर दुसऱ्या ठिकाणचा डेटा घ्या, एनआयएचवर शिकवलं असेल तर चेक्सपर्टवर तपासा, एकही सेटिंग न बदलता. आकडा पडेल, घाबरू नका. किती पडला आणि कुणासाठी पडला ते बघा. बायका आणि पुरुष वेगळे, तरुण आणि म्हातारे वेगळे, उभे आणि झोपलेले वेगळे, प्रत्येक गटाची सेन्सिटिव्हिटी वेगळी काढा. २०२२ च्या एका अभ्यासात असं दिसलं की मॉडेल नुसत्या एक्स-रेवरून पेशंटने स्वतः सांगितलेला वंश ओळखतं, जे रेडिऑलॉजिस्टला जमत नाही. आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसतं, म्हणून गटवार तपासल्याशिवाय सगळ्यांना सारखंच लागू आहे असं म्हणू नका. गट छोटा असेल तर बूटस्ट्रॅपने (त्याच डेटातून परत परत रँडम निवड करून) आकड्याची रेंज काढा, आणि ते पण पेशंटवार, फिल्मवार नाही. ४० जणांच्या गटात ०.९१ आणि ०.८७ मध्ये काही फरक नसतो.

शेवटी चुकलेल्या ५० फिल्म काढा, २५ जिथे मॉडेल छातीठोकपणे हो म्हणालं आणि नव्हतं, २५ जिथे छातीठोकपणे नाही म्हणालं आणि होतं, आणि एखाद्या रेडिऑलॉजिस्टला तासभर पकडा. लेबल दाखवू नका, मॉडेलचं उत्तर पण नको, आधी त्यांचं मत लिहून घ्या. माझ्याकडे एकदा ५० पैकी ११ वेळा लेबलच चुकीचं निघालं, ६ वेळा त्या रेडिऑलॉजिस्ट बाई म्हणाल्या की नुसत्या एक्स-रेवरून मी पण सांगू शकत नाही, सीटी करा. उरलेल्या ३३ मध्ये २० फिल्म अशा होत्या की हृदयाच्या मागे डाव्या बाजूला खाली पांढरेपणा होता, तिथे हृदयाची सावली असते म्हणून तो लपतो, नवशिके डॉक्टर पण तिथेच चुकतात म्हणाल्या. मग मी परत ट्रेनिंगच्या गठ्ठ्यात गेलो आणि त्या जागेचा न्यूमोनिया असलेल्या फिल्म मोजल्या. अगदी थोड्या होत्या. सध्या त्याच जमवतोय.